घना : आश्रय आणि मोजदाद

भरतपूर हे नाव मराठी वाचकाला पक्ष्यांमुळे कळले, त्याच्या फार आधी ते इतिहासामुळे कळलेले होते. १७५४ साली सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असताना मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव तिथे मारले गेले आणि अहिल्याबाईंच्या आयुष्याची दिशा पालटली. त्यानंतर सात वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. ऐन थंडीत उपाशी, जखमी, कफल्लक अवस्थेत जे लोक दक्षिणेच्या वाटेला लागले, त्यांना अन्नवस्त्र आणि औषधपाणी मिळाले ते याच सूरजमलाच्या मुलखात. लढाईपूर्वी मतभेद होऊन तो भाऊसाहेबांच्या छावणीतून निघून गेला होता. तरीही त्याने आणि राणी किशोरीने पराभूतांना थारा दिला आणि पुढे ग्वाल्हेरकडे सुखरूप पोचवले. आणखी चव्वेचाळीस वर्षांनी, १८०५ च्या आरंभी, डीगच्या लढाईनंतर माघार घेतलेल्या यशवंतराव होळकरांना भरतपूरच्या रणजितसिंहाने आश्रय दिला. त्यापायी जनरल लेकच्या फौजेने भरतपूरच्या मातीच्या किल्ल्यावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा तिला मागे फिरावे लागले.

हा पूर्वेतिहास इथे आठवण्याचे कारण असे की, आज भरतपूरची जगभर ओळख आहे तीही एक आश्रयस्थान म्हणूनच. शहराला लागून असलेले केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे २९ चौरस किलोमीटरचा जंगलाचा, गवताळ रानाचा आणि पाणथळीचा प्रदेश. पक्ष्यांच्या साडेतीनशेहून अधिक जातींची इथे नोंद झालेली आहे. पक्षिनिरीक्षणाचा छंद असणाऱ्या भारतीयाने आयुष्यात एकदा तरी घनाला जावे असा जणू संकेतच आहे. मात्र या जागेविषयी जे लिहिले जाते त्यात बहुधा सृष्टिसौंदर्य असते, पक्ष्यांची यादी असते, क्वचित शासनाच्या अनास्थेवर टीका असते. इतिहास मात्र फारसा नसतो. जणू ही जागा निसर्गाने घडवली आणि माणसाने फक्त तिला कुंपण घातले. आम्हांला वाटते, साहित्याच्या अभ्यासकाने घना वेगळ्या रीतीने वाचावा. जुनी संहिता हाती आली की आपण विचारतो : ही कोणी रचली, कोणासाठी रचली, हिच्यात कोणाचा उल्लेख आहे आणि कोणाला वगळले आहे? हेच प्रश्न या पाणथळीलाही विचारता येतात.

१

आधी नाव पाहू. 'घना' म्हणजे दाट झाडी आणि 'केवलादेव' हे तिथल्या शिवमंदिरातील देवाचे नाव. ज्या दोन गोष्टींसाठी ही जागा प्रसिद्ध आहे, त्या पाण्याचा आणि पक्ष्यांचा या नावात मागमूस नाही. नाव ठेवणाऱ्यांना ती जागा कशी दिसत होती हे यावरून कळते : त्यांना तिथे रान दिसत होते आणि रानातला देव दिसत होता. पाणी पुढे आले, आणि तेही माणसाने आणले.

भरतपूरचा परिसर गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या खोऱ्यातला, बशीसारखा खोलगट. पावसाळ्यात नद्यांचे पाणी पसरले की शहराला धोका. म्हणून जे बांध घातले गेले त्यांतला अजान बांध हा घनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. तो सूरजमलाच्या काळातला असल्याचे सांगितले जाते. बांधामुळे पाणी अडवणे आणि हवे तेव्हा सोडणे शक्य झाले. भरतपूरच्या राज्यकर्त्यांना पाण्याची ही किल्ली किती मोलाची होती हे वेढ्यांच्या इतिहासावरून कळते. १८०५ च्या वेढ्यात पाणी सोडून किल्ल्याचा खंदक भरला गेला आणि हल्ला करणाऱ्यांची वाट अडली. १८२६ साली इंग्रजांनी किल्ला जिंकला, तेव्हा त्यांनी पहिली दक्षता घेतली ती बांध ताब्यात घेऊन खंदकात पाणी येऊ न देण्याची. आधीच्या पिढीचा धडा त्यांनी नीट पाठ केलेला होता.

किल्ला पडला, राज्य मांडलिक झाले, लढाया संपल्या. पण पाणी खेळवण्याची विद्या शिल्लक राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती नव्या कामाला लावली गेली. घनाच्या सखल भागात कालवे काढले गेले, छोटे बांध घालून पाण्याचे वेगवेगळे हौद पाडले गेले, पाणी कमीजास्त करण्यासाठी दरवाजे बसवले गेले, बाभळी लावल्या गेल्या. उद्देश एकच : हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांनी इथे मोठ्या संख्येने उतरावे आणि महाराजांच्या पाहुण्यांना त्यांची शिकार करता यावी.

म्हणजे पाण्यात उभ्या असलेल्या ज्या बाभळींवर पावसाळ्यात चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे आणि बगळे यांची दाटीवाटीने घरटी होतात, ज्या बांधांवरून पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन चालतात, ती सारी मांडणी शिकारीसाठी केलेली आहे. पक्षी पाहण्यासाठी हे बांध इतके सोयीचे का, याचे उत्तरही त्यातच आहे. ते नेम धरण्यासाठी सोयीचे होते.

२

केवलादेवाच्या मंदिराजवळ एक शिलालेख आहे. शिलालेख म्हटल्यावर आपल्याला दानपत्रे आठवतात, देवळाला दिलेल्या जमिनी आठवतात, शेवटची शापवाणी आठवते. हा लेख इंग्रजीत आहे आणि तो शिकारीचा हिशेब आहे. तारीख, कोणत्या पाहुण्याच्या निमित्ताने शिकार झाली, किती पक्षी पडले, किती बंदुका होत्या, असे त्याचे रकाने आहेत. आरंभ १९०२ साली, लॉर्ड कर्झनच्या भेटीपासून होतो. पुढे व्हाइसरॉय, राजपुत्र, सेनाधिकारी, संस्थानिक असे एकामागून एक येतात. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ या तारखेपुढे आहे. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेळ्याने ४२७३ पक्षी मारले.

या लेखाची भाषा पाहण्यासारखी आहे. माणसे इथे 'बंदुका' म्हणून मोजली जातात आणि पक्षी मारलेल्यांची बेरीज म्हणून. मारलेले पक्षी कोणत्या जातींचे होते हे लेख सांगत नाही. त्यांत तलवार बदके किती, थापटे किती, ज्या काळ्या पाणपक्ष्याला मराठीत कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे की काय 'वारकरी' असे सुरेख नाव पडले ते किती, हे जाणून घेण्याची लेख कोरणाऱ्याला गरज वाटली नाही. पाण्यात उतरून पडलेले पक्षी गोळा करणारे, होड्या वल्हवणारे, थवे उठवणारे जे लोक त्या दिवशी राबले असतील, त्यांच्यासाठी रकानाच नाही. जे मोजले ते अचूक मोजले. पण काय मोजायचे हे आधीच ठरलेले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे वाल्मीकी आठवणे स्वाभाविक आहे. आपल्या परंपरेने पहिल्या श्लोकाचा उगम एका पक्ष्याच्या मृत्यूशी जोडला आहे. जोडीतला एक क्रौंच निषादाच्या बाणाने पडतो, मागे राहिलेली मादी आक्रोश करते आणि ऋषीच्या शोकाचा श्लोक होतो. हा क्रौंच म्हणजे सारस पक्षी असावा असे ज्युलिया लेस्ली या संस्कृतच्या अभ्यासक विदुषीने १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात साधार मांडले आहे, आणि सारसाच्या जोड्या घनामध्ये आहेतच. एका पक्ष्याच्या मरणातून काव्य जन्मते आणि ४२७३ पक्ष्यांच्या मरणातून फक्त आकडा उरतो, असा विरोध मांडून इथेच थांबण्याचा मोह होतो. परंतु तो मोह आवरलेला बरा. शोक करणारा तो कवी आणि मोजणारा तो क्रूर, अशी सोपी वाटणी घनाचा पुढचा इतिहास मान्य करत नाही. पुढे पक्षी वाचले ते मोजणाऱ्यांमुळेच.

३

१२ नोव्हेंबर या तारखेला आणखी एक अर्थ आहे. सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. लिनलिथगोंचा मेळा घनामध्ये ४२७३ पक्षी मारत होता, त्या दिवशी सालिम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण होत होती. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. मात्र महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्यात पक्षी सप्ताह सुरू केला तो ५ ते १२ नोव्हेंबर असा : मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. एकच तारीख एका पिढीने बेरजेसाठी कोरून ठेवली आणि दुसऱ्या पिढीने पक्ष्यांच्या स्मरणासाठी निवडली.

सालिम अलींचा पक्ष्यांशी परिचयही बंदुकीनेच करून दिला, ही गोष्ट त्यांनी स्वतः लपवलेली नाही. १९०८ च्या सुमारास, दहा-बारा वर्षांचे असताना, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे चिटणीस मिलार्ड यांनी त्या मुलाला संग्रहातले पेंढा भरून ठेवलेले पक्षी उघडून दाखवले आणि एका शिकारी मुलाचा पक्षिशास्त्राकडे प्रवास सुरू झाला. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात पडलेली चिमणी आहे ती हीच. पुढे हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांसाठी त्यांनी पक्ष्यांच्या पाहण्या केल्या, त्याही संस्थानिकांच्या आश्रयाने. पक्षिनिरीक्षण हा शिकारीचा विरोधी पक्ष म्हणून जन्माला आलेला नाही. तो त्याच घरात वाढला.

स्वातंत्र्यानंतर घनापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. भोवतालच्या शेतकऱ्यांना जमीन हवी होती, पाणी हवे होते. राजेशाही संपली असताना राजाच्या बदकांसाठी इतके पाणी आणि इतकी जमीन का अडवून ठेवायची, हा त्यांचा प्रश्न गैर म्हणता येणार नाही. सालिम अलींनी या पाणथळीचे महत्त्व पंडित नेहरूंच्या कानावर घातले आणि शेतीसाठी जागा मोकळी करण्याचा विचार मागे पडला. १९५६ साली घना पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पण महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शाबूत राहिला. शिलालेखातील अखेरच्या नोंदी स्वातंत्र्यानंतरच्या, १९६० च्या दशकातल्या आहेत. म्हणजे कित्येक वर्षे एकच जागा पक्ष्यांसाठी अभयारण्य होती आणि काही निवडक पाहुण्यांसाठी शिकारीचे रानही होती.

याच काळात इथे एक निराळी मोजदाद सुरू झाली. पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षी पकडून, त्यांच्या पायात धातूचे कडे घालून, त्यांना सोडून देण्याचे काम हाती घेतले. घना हे त्याचे एक प्रमुख ठिकाण. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेचा निर्देश. हजारो किलोमीटरवर, सोव्हिएत संघातील मध्य आशियाच्या आणि सायबेरियाच्या भूमीत, एखादे बदक कोणाच्या हाती लागले की ते कडे आणि त्यावरची माहिती फिरत फिरत मुंबईला पोचे. भरतपूरच्या पाण्यात उतरणारे बदक नक्की कुठून येते, हे पहिल्यांदा पुराव्यानिशी कळू लागले ते यामुळे.

हे पक्षी इजा न करता पकडण्याचे कसब ज्यांच्या हातात होते ते बिहारमधले मीरशिकार. पक्षी धरून विकणे हा त्यांचा पिढीजात धंदा. फासे लावण्याची, जाळे टाकण्याची, पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करण्याची त्यांची विद्या शास्त्रज्ञांना कोणत्याही विद्यापीठात मिळाली नसती. शास्त्रीय निबंधावर नाव येते ते अभ्यासकाचे. पण हाताच्या पंजात बदक अलगद धरून ठेवणारा माणूस बहुधा मीरशिकार असे. ज्ञानाच्या इतिहासात अशा माणसांसाठी रकाना ठेवला पाहिजे, एवढे तरी मंदिराजवळच्या शिलालेखाने आपल्याला शिकवावे.

४

घनाच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण १९८२ चे आहे, आणि पक्षिप्रेमाने लिहिलेल्या लेखांत त्याला बहुधा एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

१९८१ च्या ऑक्टोबरात ओडिशातील चिलिकाबरोबर केवलादेव हे रामसर कराराखालील भारताचे पहिले पाणथळ स्थळ ठरले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. पण घनाच्या कडेची गावे पिढ्यान् पिढ्या आपल्या म्हशी तिथे चारत आलेली होती. महाराजांच्या काळातही शिकारीचे दिवस सोडले तर गुरांना मज्जाव नव्हता. तिथले गवत, तिथले जळण हा गावांच्या संसाराचा भाग होता. भोवती सुमारे दोन मीटर उंचीची दगडी भिंत उभी राहिली. तज्ज्ञांचे मतही चराई थांबवण्याच्या बाजूचे होते. हजारो म्हशी पाणथळीचे नुकसान करतात हे तेव्हा गृहीतच धरले गेले. चाऱ्याची पर्यायी सोय न करता बंदी अमलात आणली गेली. नोव्हेंबर १९८२ मध्ये गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि गावकऱ्यांचे प्राण गेले.

किती गावकरी? वेगवेगळ्या लेखनांत वेगवेगळे आकडे आढळतात. १९३८ साली एका दिवसात मारलेल्या पक्ष्यांचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत दगडात कोरलेला आहे. १९८२ साली पक्ष्यांच्या आश्रयस्थानासाठी मेलेल्या माणसांच्या संख्येवर एकमत नाही. या दोन वाक्यांत आम्ही आमच्याकडून काही भर घालू इच्छित नाही.

पुढे जे घडले ते विज्ञानाच्या इतिहासात नोंद घेण्यासारखे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून दहा वर्षे घनाच्या परिसंस्थेचा अभ्यास केला. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचा निष्कर्ष चराईबंदीमागच्या गृहीतकाच्या नेमका उलट निघाला. म्हशी आत येईनाशा झाल्यावर पॅस्पॅलम नावाचे पाणगवत बेसुमार वाढले. पाण्याचा उघडा पृष्ठभाग आक्रसला, गवत कुजून तळ भरू लागला आणि बदकांना पोहायला, चरायला मोकळे पाणी कमी पडू लागले. म्हशी हे गवत खात होत्या, तुडवत होत्या आणि त्यामुळे पाणथळ मोकळी राहत होती. ज्यांना घुसखोर ठरवले गेले, ती गावे आणि त्यांची गुरे याच व्यवस्थेचा एक चालता भाग होती. मर्यादित चराईची शिफारस झाली. पण राष्ट्रीय उद्यानाचा कायदा तिच्या आड आला. मग यंत्रे लावून गवत काढण्याचे प्रयत्न झाले, गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा दिली गेली. १९८५ मध्ये घनाला जागतिक वारशाचा दर्जा मिळालेला होता, आणि १९९० मध्ये त्याचे नाव धोक्यातील पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेले. त्याची कारणे पाण्याची टंचाई आणि चराईचा बिघडलेला समतोल अशी होती.

स्वतःच्याच क्षेत्रातील प्रचलित समजुतीविरुद्ध निष्कर्ष निघाला तो अभ्यासकांनी प्रामाणिकपणे मांडला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु निष्कर्ष येईपर्यंत माणसे गेलेली होती. निसर्ग म्हणजे माणूस वजा केल्यावर जे उरते ते, ही कल्पना किती महाग पडू शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. आणि ही कल्पना केवळ वनखात्याची नाही. निसर्गकवितेचे अध्यापन करताना, ललित निबंधातील 'निर्जन', 'अस्पर्श' रानाचे कौतुक करताना आम्ही वर्गात हीच कल्पना पुढच्या पिढीच्या हाती देत असतो.

५

घनाचे नाव जगभर ज्या पक्ष्यामुळे झाले तो सायबेरियाचा पांढरा क्रौंच. शुभ्र देह, लालभडक चेहरा, आणि उडतानाच दिसणारी पंखांची काळी टोके. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघून, कझाकस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून, पाच हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून हे पक्षी हिवाळ्यात घनामध्ये येत. उथळ पाण्यात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरून खाणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. जोडी आणि तिचे एखादे पिल्लू असे कुटुंब पाण्याचा आपापला तुकडा राखून राही.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात इथे सुमारे २०० क्रौंच मोजले गेले. पुढे दर हिवाळ्यात आकडा उतरत गेला. मार्गावर शिकार होत होती, विश्रांतीच्या पाणथळी आटत होत्या, १९७९ पासून अफगाणिस्तान युद्धात होरपळत होता. १९९३-९४ आणि १९९४-९५ या दोन हिवाळ्यांत एकही क्रौंच आला नाही. बंदिस्त अवस्थेत वाढवलेली पिल्ले आणून घनामध्ये सोडण्याचा प्रयोगही झाला. तो साधला नाही. मग पुन्हा दोन-चार पक्षी दिसले. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली. त्यानंतर कोणी आले नाही. या जातीचे काही हजार पक्षी पूर्वेकडच्या मार्गाने चीनमधील पोयांग सरोवरावर अजून उतरतात. जात संपलेली नाही. संपली ती भरतपूरची वाट. पिल्लांना ही वाट आईबापांबरोबर उडूनच कळते. वाट ठाऊक असलेले शेवटचे पक्षी गेले की ती वाटही जाते. बोलीभाषेच्या शेवटच्या भाषकाविषयी आपण जे वाचतो त्याच्याशी हे फार जवळचे आहे.

या मोजदादीकडे पाहिले की शिलालेखावरचे आकडे आणि पक्षिनिरीक्षकाच्या वहीतले आकडे यांतला फरक उमगतो. दगडावरची बेरीज मिरवण्यासाठी होती. वहीतली उतरती संख्या हा इशारा होता आणि शेवटी ती शोकाची भाषा झाली. आकडा स्वतः निष्ठुर किंवा दयाळू नसतो. तो कशासाठी लिहिला आणि लिहिणारा पुढच्या वर्षी पुन्हा मोजायला येणार होता की नाही, यावर त्याचा अर्थ ठरतो.

क्रौंच येईनासे झाले त्याच सुमारास पाण्याचा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात झालेल्या पांचना धरणाचे पाणी घनाला सोडण्यास २००४ साली तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. शासनाला शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहावे लागले आणि घना कोरडा पडत गेला. नंतर गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या योजनेतून पाणी आणण्याची व्यवस्था झाली. १९५० च्या दशकातला प्रश्न, पाणी शेताला की पक्ष्यांना, अर्धशतकानंतरही मिटलेला नव्हता. दुसरीकडे एक वेगळी गोष्टही घडत होती. उद्यानात फोफावलेली वेडी बाभूळ काढून टाकण्याच्या कामात भोवतालच्या गावांना सामील करून घेतले गेले आणि लाकूड त्यांना नेऊ दिले गेले. पाहुण्यांना घेऊन फिरणारे सायकलरिक्षावाले पक्ष्यांचे जाणकार झाले. कोणते घुबड कोणत्या झाडावर दिवसा झोपते हे त्यांना पक्के ठाऊक. १९८२ मध्ये भिंतीबाहेर काढलेला माणूस असा मजूर म्हणून, वाटाड्या म्हणून, थोडाथोडा आत येत गेला. त्याला हक्काने आत येता येईल असा कायदा मात्र अजून आपण शोधतोच आहोत.

६

हे सारे राजस्थानातले आहे, आपल्याशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरला आपण 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतो. २०२० साली ते राज्यातील पहिले रामसर स्थळ झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामुळे ही पाणथळ तयार झाली. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी पाहायला हिवाळ्यात गर्दी लोटते. ते पाणी धरणाचे आहे आणि त्या पाण्याखाली गावे आहेत. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. त्याच्याही तळाशी गावे आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक नामवंत पाणथळी घनाप्रमाणेच माणसाने घडवलेल्या आहेत, आणि त्यांच्या घडण्यात कोणीतरी काहीतरी गमावलेले आहे. धरणग्रस्तांचे साहित्य आणि निसर्गलेखन ही दोन दालने आम्ही अभ्यासक्रमात वेगवेगळी शिकवतो. पाण्याच्या वर पाहणारे एक दालन, पाण्याच्या खाली पाहणारे दुसरे. जागा मात्र एकच असते.

पक्षी पाहणे हा निरागस आनंद आहे आणि तो घेऊ नये असे आम्ही मुळीच सुचवत नाही. उलट, पाहणे अधिक पुरे व्हावे असे आम्हांला वाटते. चित्रबलाकाचे घरटे पाहताना ती बाभूळ तिथे कोणी लावली हे ठाऊक असले तर आनंद उणावत नाही. १७६१ साली भरतपूरने पराभूतांना दिलेल्या आश्रयाची आठवण आपण अडीचशेहून अधिक वर्षे जपली, कारण आश्रय घेणारे आपले होते. ज्यांच्याकडून जागा काढून घेऊन आश्रय उभा राहतो, त्यांची आठवण ठेवणे हे तुलनेने अवघड काम आहे. भिगवणच्या किनाऱ्यावर होडीवाला मासेमार रोहितांच्या थव्याकडे बोट दाखवतो, तेव्हा पक्ष्यांची संख्या विचारून झाल्यावर त्याला त्याच्या गावाचे नावही विचारावे. पुष्कळदा ते गाव पाण्याखाली असेल, आणि ते नेमके कुठे होते हे त्याला दाखवता येईल.